खंडूतात्यांचे तीन पर्याय

खंडूतात्यांना तुम्ही काहीही विचारा, उत्तराची सुरुवात ठरलेली असते. आधी डोक्याचा रुमाल जरा मागं सरकतो, मग उजव्या हाताची तीन बोटं वर होतात आणि तात्या म्हणतात, "पर्याय तीन हायेत."

वसमतची गाडी किती वाजता आहे, एवढं साधं विचारलं तरी पर्याय तीनच. "येक, गाडी आली तर गाडीत बसायचं. दोन, न्हाई आली तर जीपात बसायचं. तीन, घरी जाऊन जेवायचं अन् उद्याच्याला जायचं." हे ऐकून होईपर्यंत गाडी निघून गेलेली असते आणि विचारणाऱ्याला खरोखरच तिसरा पर्याय उरतो.

हे सगळं माझ्या दुकानापुढं चालतं, म्हणून मला त्याचा ताप. औंढ्याहून वसमतला जाताना आमच्या गावचा फाटा लागतो, तिथं माझं खता-बियाण्यांचं दुकान आहे. पुढं एक बाकडं टाकलंय. टाकलं होतं गिऱ्हाइकांसाठी, पण मेंढरं समोरच्या माळावर सोडून तात्या सकाळी त्यावर जे बसतात ते उन्हं कलल्याशिवाय उठत नाहीत. कोणी हळदीचं करपलेलं पान दाखवायला आणलं की मी चष्मा शोधेपर्यंत ते तात्यांच्या हातात गेलेलं असतं.

"पर्याय तीन हायेत. येक, ह्या शिवाच्या दुकानातलं औषिद मारायचं. दोन, काहीच मारायचं न्हाई. तीन, चार दिस दम खायचा, अन् मंग ह्या दोन्हीतलं येक करायचं."

ह्यातला शिवा म्हणजे मी. गिऱ्हाईक दम खायला घरी निघून जातं. एकदा रागानं मी बाकडं उचलून आत ठेवलं. तात्या युरियाच्या पोत्यावर बसले आणि पोतं फुटलं. मग मी बाकडं मुकाट्यानं परत बाहेर काढलं.

तात्या माझे शेजारीही आहेत. आमच्या दोन घरांमध्ये कंबरेएवढी भिंत आहे, त्यामुळं त्यांच्याकडचं सगळं मला कान न देताही ऐकू येतं. जमीन थोडी, मेंढरं पुष्कळ, पोटी मूल नाही. थोरला भाऊ आणि भावजय अकाली गेले तेव्हा त्यांचं रांगतं पोरगं तात्यांनी आणि काकूंनी आपल्या घरी आणलं आणि वाढवलं. तोच नागेश.

काकू आता नाहीत. त्या होत्या तेव्हा त्या घरात एक खास कारभार होता. तात्यांनी काकूंना कधी हाक मारली नाही. आमच्याकडची जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत हे खरं, पण निदान "अगं", "ऐकलं का" एवढं तरी म्हणतात. तात्यांना तेवढ्याचीही लाज वाटायची. ते खोकायचे. बारीक खोकला म्हणजे पाणी, मोठा खोकला म्हणजे जेवण, आणि नुसता घसा खाकरला म्हणजे दारात पाहुणे आलेत. सगळ्या गल्लीला ती भाषा पाठ झाली होती. एका थंडीत तात्यांना खरोखरचा खोकला झाला, तेव्हा काकूंनी दिवसभर तांबे भरभरून आणले आणि संध्याकाळी वैतागून शेवटचा तांब्या त्यांच्यापुढं आदळला.

त्यांच्या लग्नाचा किस्साही म्हातारी माणसं अजून सांगतात. नवरा-नवरी घरी आले की बहिणी दार अडवतात आणि एकमेकांचं नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. काकूंनी झटकन नाव घेतलं. तात्यांची पाळी आली तर तोंडातून शब्द फुटेना. बहिणी हटेनात, तात्या बोलेनात. पंगती उठल्या, दिवे लागले, नवरदेव मुंडावळ्या बांधून उंबऱ्याबाहेर उभाच. शेवटी मेंढरं कोंडायची वेळ झाली, तेव्हा तात्या मेंढरांच्या घोळक्यातून मागच्या दारानं आपल्याच घरात शिरले. नाव घ्यायचं राहिलं ते राहिलंच.

तर नागेश. पोरगा हुशार. आमच्याकडची बरीच पोरं हल्ली डॉक्टर व्हायला किरगिझस्तानात जातात, तसा तोही गेला. तिथं त्याच्याच वर्गात अल्तिनाय नावाची तिथलीच एक मुलगी होती. नागेश डॉक्टर झाला, परत आला, इथली परीक्षा पास झाला, हिंगोलीच्या दवाखान्यात उमेदवारी करायला लागला, आणि मग एके दिवशी तात्यांना म्हणाला की लग्न करीन तर अल्तिनायशीच.

गावानं विचारायचं ते विचारलंच. "तात्या, पोरगी कोनच्या जातीची?"

तात्यांनी बोटं वर केली नाहीत. "तिच्या बापाचे मेंढरं हायेत. आपल्याहून जास्ती. मंग ती आपलीच झाली का न्हाई?"

तो विषय तिथंच संपला.

मेंढरांची खात्री करायला म्हणून तात्यांनी व्हिडिओ कॉल लावायला लावला. तिकडून मुलीचा बाप, इकडून तात्या, आणि दोघांत सामाईक शब्द एकही नाही. बापानं फोन फिरवून आपली मेंढरं दाखवली. त्यांच्या शेपटीच्या जागी चरबीचे हे एवढाले गोळे. तात्या हरखून गेले. त्यांनी फोन नेऊन थेट आपल्या एडक्याच्या नाकाला लावला. बापानं तिकडून मेंढरं बोलवायचा आवाज काढला, आमचा एडका दचकला, मग तात्यांनी आपला आवाज काढला आणि तिकडचा कळप वळला. दोन व्याही बराच वेळ एकमेकांच्या मेंढरांना हाका मारत बसले. फोन ठेवल्यावर तात्या म्हणाले, "मानूस लई सज्जन हाय. येक शब्द खोटा बोलला न्हाई."

उन्हाळ्यात अल्तिनाय आईबापांसह टुरिस्ट व्हिसावर आली आणि लग्न गावातच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठून सरळ मेंढरांत गेली, एक लंगडणारी मेंढी धरून उताणी केली आणि तिचा खूर साफ करायला लागली. तात्या दारात उभे राहून ते बघत होते. त्यांना घसा खाकरायचंही भान राहिलं नाही.

नव्या नवरीचं नाव बदलायची आमच्याकडं रीत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, मग पेढे. हल्लीची पोरं बहुधा जुनंच नाव पुन्हा लिहून मोकळी होतात. पण इथं तात्या अडून बसले. नाव त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. गोदावरी.

दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. मला वाटलं, नाव फार जुनाट आहे म्हणून. नागेशही क्षणभर तात्यांकडं बघत राहिला, मग त्यानं मान खाली घातली आणि तांदळात सावकाश ते नाव लिहिलं. अल्तिनायला ते म्हणता येईना, म्हणून तात्यांनी मोठ्यानं म्हणून दाखवलं. पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. ती इथं होती तेवढे दिवस भिंतीपलीकडून मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. "गोदावरी, पानी आन." "गोदावरी, कोकरू आत घे." "गोदावरी, ऊन लई झालं, सावलीत बस." तिला बिचारीला फक्त "ओ" म्हणायला शिकवलं होतं. ती दर वेळी ओ द्यायची आणि तात्यांचा खोकला पार थांबला होता.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते ग्रामपंचायतीत. लग्नाची नोंद करायला तात्या स्वतः गेले. ग्रामसेवकानं पासपोर्ट उघडला, त्यातलं अल्तिनायचं, तिच्या बापाचं आणि कुळाचं नाव पाहिलं आणि त्याला घाम फुटला.

"तात्या, हे मराठीत कसं लिहू?"

"लिवता काहून? ते नाव आता ऱ्हायलंच न्हाई. आमी बदललं. गोदावरी नागेश लिवा."

ग्रामसेवकाला एवढं सोपं कोणी आजवर सांगितलं नसावं. त्यानं तसं लिहिलं आणि शिक्का मारला.

व्हिसाची मुदत संपली तशी अल्तिनाय आईबापांबरोबर परत गेली. आता बायको म्हणून कायमचं राहायला यायचं तर त्याचा व्हिसा वेगळा. इथून तात्यांचं शिक्षण सुरू झालं. नागेशला, मला, औंढ्याच्या झेरॉक्सवाल्याला आणि नागनाथाच्या दर्शनाला आलेल्या एका अनोळखी वकिलाला विचारून विचारून त्यांनी सगळं पाठ केलं. बाकड्यावरची हळद बंद झाली आणि व्हिसा सुरू झाला.

"पर्याय तीन हायेत. येक, टुरिस्ट. यायचं, फिरायचं, जायचं, पाहुन्यावानी. दोन, बायको म्हून यायचं. त्याला एक्स म्हनतेत. त्यात ऱ्हाता येते, पर आल्यावर पोलिसाच्या कचेरीत नाव नोंदा लागते. तीन, लग्नाला दोन वर्सं झाले का येक कारड भेटते, मंग जलमभर खुशाल ये-जा करा."

लोक माझ्याकडं तणनाशक घ्यायला येत आणि परदेशी बायको कशी आणावी हे शिकून जात. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर मासे धरणारी पोरंसुद्धा एक्स व्हिसावर बोलायला लागली. दुसऱ्या कोणालाही परदेशातून बायको आणायची नव्हती, पण माहिती मात्र गावात एकूण एकाला झाली.

त्या माहितीचा उपयोग झाला तो फक्त गंगाधरला. त्याची बायको रुसून सेनगावला माहेरी जाऊन बसली होती. तो एक दिवस बाकड्याशी येऊन उभा राहिला.

"तात्या, बायको आनायचं तुमाला बराबर कळते म्हनतेत."

"पासपोर्ट हाय का तिचा?"

"सेनगावला हाय वो ती!"

"असू दे. पर्याय तीन हायेत. येक, टुरिस्ट. ती यील, दोन दिस ऱ्हाईल, परत जाईल. उपेग न्हाई. दोन, तूच तिकडं जाऊन ऱ्हा. मंग तुझं घर कोन पाह्यल? तीन, बायको म्हून कायमचं आनायचं. त्याला कागदं लागतेत."

तात्यांनी गंगाधरकडून लग्नाचा फोटो, घराचा फोटो, सरपंचांकडून चांगल्या वागणुकीचा दाखला, दारू सोडल्याचं लेखी आणि दोन जामीनदारांच्या सह्या गोळा करवल्या. हे सगळं फायलीत घालून गंगाधर सासऱ्यापुढं जाऊन बसला. सासऱ्याला वाटलं कोर्टकचेरी झाली, त्यानं संध्याकाळच्या गाडीनं पोरगी पाठवून दिली. बायको मात्र नंतर माझ्या घरच्यांना म्हणाली, की कागदांचं काही नाही, घराच्या फोटोत भिंतींना चुना दिलेला दिसला म्हणून आले. तात्यांच्या कानावर मी हे जाऊ दिलं नाही. ते आधीच फार फुगले होते.

इकडं सून येणार म्हणून त्यांची तयारी जोरात होती. ती थंड मुलखातली, म्हणून छपरावर पाचट अंथरलं. नागेश एकदा बोलून गेला की तिकडं घोडीचं दूध पितात. तात्या दुसऱ्याच दिवशी वसमतला, वरातीची घोडी भाड्यानं देणाऱ्याकडं गेले आणि घोडी दूध किती देते असं विचारलं. तो माणूस भयंकर चिडला. "म्हातारबा, माझी घोडी नवरदेवासाठी हाय," म्हणाला. तात्यांनी त्याला शांतपणे सांगितलं की नवरदेवाचं काम झालेलं आहे, आता नवरीचं पाहायचंय.

आणि मग अर्जाचं उत्तर आलं.

नागेशनं ते दुकानात बसून वाचलं. त्याचा अर्थ एवढाच होता: लग्नाच्या दाखल्याप्रमाणं तुमच्या बायकोचं नाव गोदावरी आहे. मग अर्ज करणारी ही अल्तिनाय कोण? आधी दाखल्याचा आणि पासपोर्टचा मेळ घाला.

तात्यांची बोटं वर झाली. "येक, तिकडच्या सरकाराला सांगा, तिच्या पासपोर्टात गोदावरी लिवा. दोन, इकडच्या सरकाराला सांगा, आमच्यात नाव बदलतेत, उगं तकलीफ देऊ नका. तीन, दोघीलाबी येऊ द्या."

मी हसलो. तात्या हसले नाहीत.

कोणीतरी सुचवलं, विशेष विवाहाच्या कायद्याखाली दोघांचं पुन्हा लग्न लावा. नागेश चौकशी करून आला. पहिली बायको असताना दुसरं लग्न करता येत नाही, आणि कागदोपत्री त्याला गोदावरी नावाची बायको होती. मग तिला सोडचिठ्ठी द्या, असं दुसऱ्या कोणी सांगितलं. त्यासाठी गोदावरीला कोर्टात उभं करायला हवं. गोदावरी परदेशात. तिला आणायचं तर व्हिसा हवा, आणि गोदावरीच्या नावाचा पासपोर्ट जगात कुठंच नव्हता. हे ऐकून माझं डोकं भणभणायला लागलं. बाकड्यावरची माणसं मात्र ह्यावर मन लावून चर्चा करत होती आणि एकानं तर गोदावरीची बाजू घेतली, की त्या बिचारीचा काय दोष.

खरा उपाय अगदी साधा होता. नोंदीच्या वेळी नाव तात्यांनी दिलं होतं. त्यांनी हिंगोलीच्या कचेरीत जाऊन ते चुकून दिलं असं लिहून द्यायचं, की दाखला दुरुस्त. एक सही.

"चुकून न्हाई दिलं," तात्या म्हणाले. "इचार करून दिलं."

नागेशनं विनवलं, मी समजावलं. तात्या ढिम्म. महिना गेला, आणखी गेला. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून नागेशचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी उठून उभा राहिलो.

"तात्या, माझी उमेदवारी संपत आली. ती इकडं येऊ शकत नसंल तर मी तिकडं जातो. तिथं नवऱ्याला राहता येतं. मंग मी तिकडलाच."

तात्या उठले आणि मेंढरांच्या वाड्यात जाऊन उभे राहिले. मला राहवलं नाही. मी भिंतीवरून ओरडलो, "तात्या, एवढं लहानाचं मोठं केलेलं पोरगं एका नावापायी घालवता का? म्हातारपणी तुम्हांला पाणी कोण देणार, ते नाव देणार का?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाकडं रिकामं होतं. त्यानंतरही रिकामंच. माझी विक्री वाढली, पण जो येईल तो आधी विचारायचा, तात्या कुठं आहेत, आणि मला त्या बाकड्याकडं बघवेना. मग एका सकाळी धुतलेला रुमाल बांधून तात्या दुकानाच्या पायरीशी आले. "चल, हिंगोलीला," एवढंच म्हणाले.

कचेरीत आम्ही तिघं गेलो, तात्या, नागेश आणि मी. साहेब बाई होत्या, शांत स्वभावाच्या. त्यांच्या शेजारचा कारकून मात्र तात्यांचाच भाऊ शोभला असता, त्यालाही पर्याय सुचत होते. त्यानं जबानी तयार ठेवली होती. तात्यांनी पेन हातात घेतलं आणि आधी वाचून दाखवा म्हणाले.

कारकुनानं वाचलं, "गोदावरी या नावाची कोणतीही स्त्री माझ्या कुटुंबात नाही व कधीही नव्हती."

तात्यांनी पेन खाली ठेवलं. "‘न्हाई’ हे लिवा. ‘नव्हती’ हे लिवू नका."

"अहो बाबा, नव्हती तरच दाखला दुरुस्त होईल!"

"नव्हती लिवलं तर मी सही करत न्हाई."

कारकून कातावला. "मग पर्याय सांगतो. गोदावरी होती म्हणता ना? तर तिची सोडचिठ्ठी दाखवा. नाहीतर सरळ तिच्या मृत्यूचा दाखला आणा, म्हणजे तुमचा पोरगा दुसऱ्या लग्नाला मोकळा. आहे का दाखला?" आणि आपल्याच विनोदावर तो खो खो हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

"हाय," तात्या म्हणाले.

"काय आहे?"

"गोदावरीच्या मौतीचा दाखला. घरी ट्रंकात हाय."

कारकुनाचं हसू तोंडातच राहिलं. साहेब बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "कोणाचा दाखला, बाबा?"

तात्या बारीक खोकले. तो खोकला मी ओळखला. त्या खोकल्याला घरातून पाण्याचा तांब्या यायचा.

"नाग्याच्या काकीचा," ते म्हणाले.

मी नागेशकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. त्याला माहीत होतं. तांदळात लिहितानाही माहीत होतं. त्या दोन म्हाताऱ्यांनाही माहीत असणार. भिंतीला भिंत लावून जन्म काढला तरी काकूंचं नाव मला त्या दिवशी, त्या कचेरीत कळलं. गल्लीत ते कधी कोणी उच्चारलंच नव्हतं.

बाईंनी कारकुनाकडून कागद घेतला, "व कधीही नव्हती" हे शब्द स्वतःच्या हातानं खोडले आणि खाली लिहिलं की माझ्या पुतण्याच्या पत्नीचं नाव अल्तिनाय आहे. मग कागद तात्यांपुढं सरकवून म्हणाल्या, "एवढं पुरे. करा सही." तात्यांनी सही केली. पेन परत देताना त्यांनी बाईंना हात जोडले.

नागेशची ड्यूटी होती, तो दवाखान्यात गेला. परतीच्या गाडीत मी आणि तात्या शेजारी बसलो. औंढा आलं तसं मी विचारलंच. "तात्या, आधी सांगायचं नाही का?"

"काय सांगू, शिवा?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "व्हती तव्हा नाव घ्याची लाज वाटली. दारात उबा ऱ्हायलो, पर घेतलं न्हाई. मंग रोज वाटायचं, आज घेऊ, उद्या घेऊ. गेलीच ती. मेलेल्या बायकूला हाक कशी माराची? लोक म्हनतेन, म्हातारं येडं झालं. सुनंला मारता येते. अंगनात उबं ऱ्हाऊन, मोठ्यानं. कोनी काई म्हनत न्हाई."

गाडी आमच्या फाट्याला आली. उतरताना काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आता पुढं पर्याय किती?"

"येकच हाय. पोरगी येऊ दे."

दाखला दुरुस्त झाला, अर्ज पुन्हा गेला, व्हिसा मिळाला. हळद शिजवायचे दिवस होते, शिवारभर कढयांचा वास सुटला होता, तेव्हा अल्तिनाय आली. पोलिसांच्या कचेरीतल्या नोंदीला तिच्याआधी तात्याच रांगेत उभे राहिले. आल्यावर त्यांनी गावाला सक्त ताकीद दिली. "आता तिला गोदावरी म्हनायचं न्हाई. पोलिसानं ऐकलं तर म्हनन ह्या घरात दोन बाया हायेत, अन् येकीला परत धाडन." माळावर मेंढरांपुढं उभं राहून ते "अल्तिनाय" घोकत होते. मेंढरं ऐकून घेत होती, पण तात्यांच्या जिभेवर काही ते बसेना. मग त्यांनी आपली जुनी भाषा काढली. ते पुन्हा खोकायला लागले.

पण सून डॉक्टर. तात्या पाण्यासाठी बारीक खोकले की ती स्टेथोस्कोप घेऊन धावत यायची, त्यांचा सदरा वर करून पाठीला लावायची आणि मोठा श्वास घ्या म्हणायची. जेवणासाठी मोठा खोकला काढला तर जीभ दाखवावी लागायची. एकदा दारात पाहुणे आलेले सांगायला तात्यांनी घसा खाकरला, तर त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. पाणी मिळायचं नाही ते नाहीच, वर कडू औषध.

परवा संध्याकाळी मी भिंतीशी उभा होतो. तात्या अंगणात बाजेवर बसले होते. नागेश सुट्टीवर आला होता, तो दाराशी कोकराला बाटलीनं दूध पाजत होता. अल्तिनाय आत भाकरी थापायला शिकत होती, दारातून ती मला दिसत होती. तात्यांनी खोकायला तोंड उघडलं आणि भीतीनं मिटलं. मग जपून म्हणाले, "अल्तिनाय."

तिनं वर पाहिलं नाही.

"अल्तिनाय!"

तिनं भाकरी उलटली. हसत होती, पण ओ नाही.

"कानाला काई झालं का रे तिच्या?" तात्या घाबरून म्हणाले.

"काई नाही झालं," नागेश म्हणाला. "मी तिला सगळं सांगितलंय, तात्या. ती म्हणते, दवाखान्यात अल्तिनाय, कचेरीत अल्तिनाय. घरात तुमी ठिवलेलंच नाव. दुसऱ्या नावाला ती घरात ओ देणार नाही."

तात्यांनी रस्त्याकडं पाहिलं. पोलीस नव्हता. माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीचा एक चांगला घट्ट बसलेला दगड उगाच हलवून बघायला लागलो. मग अगदी हळू आवाज आला.

"गोदावरी."

"ओ!"

ती पिठाचे हात पुसत बाहेर आली, पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. "काय पाहिजे, तात्या?"

"काई न्हाई."

ती आत गेली. तात्या पाणी प्यायले, रुमालाच्या टोकानं तोंड पुसलं. मग उठून अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि वाड्यातल्या मेंढरांनी माना वर कराव्यात एवढ्या मोठ्यानं हाक मारली, "गोदावरी!"

"ओ!"

"काई न्हाई. हाय का पाह्यलं."